शनिवारचा सल्ला

"आज काय तो निकाल लावा, काका," दुकानदार म्हणाला. "ही लेन्स शेवटची आहे. कंपनीनं बंद केली. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचे दोन फोन येऊन गेलेत."

काकांनी काउंटरपलीकडे पाहिलं. बाई नेहमीच्या स्टुलावर बसल्या होत्या. खांद्याला पर्स, नाकाच्या शेंड्यावर चष्मा.

काका निवृत्त मुद्रितशोधक. उभा जन्म दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढण्यात गेला. बायको गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून मुलीनं स्वतःचा जुना कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला, आणि या वयात काकांना मुंग्यांचा नाद लागला. बागेतल्या बाकापाशी ओणवे होऊन ते फोटो काढत. मुंग्या मात्र फोटोत तिळाएवढ्या आणि पुसट. कॅमेऱ्याची नवी बॉडी घ्यावी, की आहे त्याच बॉडीला जवळचं नीट टिपणारी लेन्स? दोन्ही घेण्याची ऐपत नव्हती. हे विचारायला ते पावसाळ्याच्या आधी एका शनिवारी या दुकानात शिरले. दुकानदार आतल्या खोलीत कुणाचा तरी कॅमेरा शोधत होता. काउंटरच्या आत एकट्या बाईच होत्या.

"लेन्सच घ्या," त्या म्हणाल्या होत्या. "बॉडी चार वर्षांत म्हातारी होते. लेन्स जन्माची सोबत करते. आणि मुंगीच्या मागे धावू नका. साखरेचा दाणा ठेवा अन् थांबा."

पुढच्या शनिवारी काका 'विचार करून' आले, तर बाईंनी पारडं फिरवलं. "पण तुमच्या बॉडीला सावलीत धड दिसतच नाही हो. आंधळ्याच्या हाती भिंग देऊन काय उपयोग?"

तेव्हापासून एका शनिवारी लेन्स, तर एका शनिवारी बॉडी. काकांच्या नजरेतून स्वल्पविरामही सुटत नसे, तेव्हा ही विसंगती त्यांना दिसली नव्हती असं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक चूक मुद्दाम तशीच राहू दिली.

खरं तर त्यांचं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. लेन्स. पण लेन्स घेतली, की शनिवार संपले.

"बाबा, घर घेताना एवढा विचार केला नव्हतात," मुलगी सकाळीच म्हणाली होती.

"घाईचं काम नाही ते. चौकशी करावी लागते."

"करा की. पण मुंग्यांना इस्त्रीचा शर्ट लागतो, हे नव्हतं हो मला माहीत."

काका न ऐकल्यासारखं करून चपला शोधू लागले होते.

दुकानात आता एक माणूस कॅमेऱ्याच्या पिशवीची किंमत विचारत आला. बाईंनी दुकानदाराकडे बोट केलं. "त्यांना विचारा." किंमत, किल्ल्या, बिलं यांत त्या कधीच पडत नसत. नुसत्या सल्ल्यासाठी इतकं जाणतं माणूस ठेवायचं, म्हणजे दुकानदार दिलदार असला पाहिजे, असं काकांना वाटे.

बाईंच्या मागच्या फळीवर हिरव्या पट्ट्याचा एक कॅमेरा होता. दुरुस्तीची चिठ्ठी अजून त्याला लटकत होती. बाईंनी सवयीनं त्यावरची धूळ रुमालानं झटकली.

"अजून नेला नाही का हा कुणी?" काहीतरी बोलायचं म्हणून काकांनी विचारलं.

"नाही ना," बाई म्हणाल्या. "माणसं विसरतात."

दुकानदाराला ठसका लागला.

"मग काय करू मी?" काकांनी विचारलं. "बॉडी की लेन्स?"

आज बॉडीची पाळी होती. आज त्या बॉडी म्हणाल्या, तर आणखी एक शनिवार मिळेल, असा हिशेब काकांनी मनातल्या मनात केला. शेवटची लेन्स गेली तर जाऊ दे.

बाईंनी ती लेन्स काकांच्या कॅमेऱ्याला हलक्या हातानं बसवली आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

"लेन्सच घ्या," त्या हळूच म्हणाल्या. "उगाच घोळात घेतलं मी तुम्हाला. पहिल्या दिवशी सांगितलं तेच खरं. तुमच्या मुंग्या खोळंबल्यात."

काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. काउंटरवर बाईंचा हात होता. बोटांवरची रेघ न् रेघ दिसली.

"घेतो," काका म्हणाले.

पैसे दिले. दुकानदारानं बिल फाडलं. आता उभं राहायला काही निमित्त उरलं नाही. एक वाक्य काकांनी कित्येक आठवडे मनात घोळवलं होतं. त्यातली विशेषणं काढली होती, मग क्रियाविशेषणं काढली, आणि उरलेलं काही तोंडातून फुटत नव्हतं. ते दारापर्यंत गेले. पायरीवर थांबले. परत फिरले.

बाईंना थेट विचारायचा धीर झाला नाही. ते दुकानदाराकडे वळले.

"यांना अर्धा तास सुट्टी द्याल का? समोर चहा... म्हणजे, त्यांची हरकत नसेल तर."

बाईंनी पर्स छातीशी घट्ट धरली. हरकत दिसत नव्हती.

दुकानदारानं एकदा काकांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग हिरव्या पट्ट्याचा कॅमेरा फळीवरून काढून त्यानं बाईंच्या पुढ्यात ठेवला.

"सुट्टी मी कुठून देऊ, काका? या माझ्याकडे कामाला कुठे आहेत? तुमच्यासारख्याच गिऱ्हाईक आहेत. हा त्यांचाच कॅमेरा, तुम्ही पहिल्यांदा आलात त्या दिवशीच दुरुस्त झालाय. दर शनिवारी तुमच्या आधी पाच मिनिटं तो न्यायला येतात, आणि तुम्ही गेलात, की इथंच विसरून जातात."