तिसरं ताट

काटा ब्याण्णववर थांबला.

"बघा डॉक्टर," सत्यभामाबाई कडाडली, "दोन वर्सांत तीस किलो! लेक माझा गेला आन सून फुगून राहिली. दुःखानं माणूस वाळतं म्हणत्यात. हिचं उलटंच."

मोहिनी काट्यावरून उतरली. हल्ली ती बोलतच नसे. ऊन वर येईस्तोवर पडून राही. सोयाबीन काढायला बायका दारावरून जात, तेव्हा ही भिंतीकडं तोंड फिरवी. सासूनं साखरेच्या डब्याला कुलूप लावलं. गेलेल्या लेकाच्या, भारतच्या नैवेद्यापुरती वाटीभर तेवढी काढून देई. चारचौघींत नावं ठेवून पाहिली. भिंतीला बोलल्यासारखंच.

सेनगावच्या डॉक्टरनं रक्ताचा कागद पाहिला. शुगर तीनशे दहा.

"झोप कशी आहे?" त्यानं मोहिनीला विचारलं.

"लोळती की बारा तास," सासू म्हणाली.

"रडू येतं?"

"कशाचं रडू! डोळ्यात टिपूस न्हाई."

"आजी, तुम्ही जरा गप बसा." डॉक्टर मोहिनीकडं वळला. "मन, वजन आणि शुगर एकमेकांना धरून चालतात, ताई. एक बिघडलं की बाकीच्यांना ओढतं. खरं सांगा, एका वेळी किती भाकरी खाता?"

"माझी एक."

"एकीनं एवढं?"

"आन त्यांच्या तीन. वर शिरा."

सत्यभामाबाईनं गर्रकन मान वळवून सुनेकडं पाहिलं.

तेराव्याला पाव्हण्यारावळ्यांसमोर तिनंच बजावलं होतं. भारतचं ताट रोज फोटोपुढं वाढायचं, तो जेवायचा तेवढंच. त्यातला घास कुत्र्यामांजराला नाही, गड्याला नाही, आणि टाकायचा तर मुळीच नाही. मग ते ताट रिकामं कोण करतं, हे तिनं कधी विचारलंच नाही.

परतीच्या जीपमध्ये अर्ध्या वाटेवर सत्यभामाबाई एकदम तडकली, "बोलली काहून न्हाई मला?"

"तुमी रोज रिकामं ताट बघून म्हणायच्या, आत्याबाई," मोहिनी खाली बघत म्हणाली, "जेवलं माझं लेकरू."

घरी मोहिनीनं नेहमीसारखी तीन ताटं मांडली. सत्यभामाबाईनं तिसरं उचललं, पदरानं पुसलं आणि फडताळात पालथं घातलं.

"भरलं त्याचं पोट," ती म्हणाली. "आता तू जेव, पोरी."