काटा बारावर

१९८२ सालच्या जानेवारीत तुर्भ्याच्या एका छोट्या कारखान्यात वामनने तीन महिने खपून एक सर्किट बनवलं. विजेचा दाब कितीही कमीजास्त झाला, तरी त्यातून मशीनला बरोबर बारा व्होल्टच मिळायला हवे होते. साहेबांना ते पटलं, तर वामनची नोकरी कायम होणार होती.

साहेब भर दुपारी आले, तेव्हा सर्किटला जोडलेल्या मीटरचा काटा बारावर होता. त्यांनी स्वतः गोल बटण फिरवून दाब आधी उतरवला, मग चढवला. काटा तसूभरही हलला नाही.

"अजून कमी करून बघा ना साहेब!" वामनला आता चेव आला होता.

साहेबांनी दाब पार तळाला नेला. काटा बारावरच.

"कमाल केलीस रे! उद्यापासून तू कायम," म्हणत त्यांनी वामनची पाठ थोपटली.

तेवढ्यात शेजारच्या खोलीत वायरी जोडणारी पुतळा नावाची कामगार दारात येऊन उभी राहिली.



"वामनदादा, आमी घरी जाऊ का? लाईट जाऊन अर्धा तास झाला हाय."