तेरा इंचांची खूण

मोंटानातल्या म्हाताऱ्या एमेटच्या रायफलीला नवी नळी बसवून डार्सी मागच्या कारखान्यातून पुढे दुकानात त्याच्यासमोर आली, ती दारात वाकूनच. ताठ चालली तर तिचं डोकं चौकटीला आपटायचं.

"अजून दोन इंच काप गं पोरी. झुडपांत अडकते साली."

डार्सीनं नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट सरकवून नळीच्या तोंडातून लाकडी काठी आत सोडली. नळीच्या टोकाशी चिमटीत धरून ती बाहेर काढली आणि टेपला लावली. "सव्वासोळा. सोळाच्या आत कायदा नको म्हणतो, काका."

काठीवर खाली, तेरा इंचांवर, एक जुनी, पुसट रेघ होती. एमेटनं डोळा मारला. "मग ही तेराची कुणाला कापून दिलीस, गुपचूप?"

"ती बाबांनी मारलीय. दुकानातून तसेच दवाखान्यात धावले, काठी हातातच. काचेच्या पेटीबाहेरून मोजलं मला. तीन महिने आधीच आले होते ना मी."

एमेटनं रेघेकडे पाहिलं. मग मान वर, आणखी वर करत तिच्याकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

डार्सी हसली. "कायद्यात बसायला दोन महिने लागले मला, काका."