बर्फाखालची वाट

शेवटचा बर्फ वितळला आणि हिरवळीवर वाट दिसू लागली.

आर्डिस स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. बाहेर एप्रिलचं धुकं होतं, ओल्या जमिनीतून सावकाश वर येणारं. बाकीचं गवत नुसतं पिवळं पडलं होतं. मधून मात्र एक राखाडी-गुलाबी पट्टा गेला होता, हातभर रुंद, किंचित वळत, तिच्या मागच्या दारापासून शेजारच्या डेल्मरच्या मागच्या दारापर्यंत.

तिचा जन्म शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात गेला होता. पायांखाली दाबला गेलेला बर्फ सगळ्यात शेवटी वितळतो आणि त्याच्याखाली, ओल्या अंधारात, बुरशी निवांत पसरते, हे तिला ठाऊक होतं. हिवाळाभर त्या वाटेने जाता-येताना तेवढं आठवलं नव्हतं. तेव्हा सगळंच पांढरं होतं. पावलं वाजत नसत. सकाळपर्यंत नवा बर्फ पडून खुणा बुजलेल्या असत, आणि आपण काल कुठे गेलोच नव्हतो असं वाटे.

उद्या ईस्टर. तिचा नवरा एर्विन गेल्यानंतरचा दुसरा. त्याच्याकडची सगळी माणसं जेवायला येणार होती.

त्याची बहीण व्हायोला आजच आली, हॅम घेऊन. कोट न काढताच ती खिडकीपाशी गेली.

"हे काय गं?"

"बुरशी. बर्फाखाली धरते. यंदा फार दिवस राहिला ना."

"हो का." व्हायोला बराच वेळ बघत राहिली. "आणि तिला नेमकं डेल्मरच्याच दाराशी जायचं होतं?"

आर्डिसचे कान तापले. "आता फवारून उपयोग नसतो. दाताळ्याने हलकेच मोकळं करायचं. वारा लागला की गवत मुळातून पुन्हा फुटतं."

"औषध कुठे विचारलं मी?"

आर्डिस दाताळं घेऊन बाहेर पडली. धुकं आता दाट झालं होतं. आपल्या दारापासून तिने सुरुवात केली. चिकटून बसलेलं गवत ओल्या केसांसारखं सुटू लागलं, त्यातले कोळिष्टकासारखे तंतू तुटत गेले. थोड्या वेळाने धुक्यापलीकडूनही तसलाच खरखर आवाज येतोय, हे तिच्या लक्षात आलं.

डेल्मर. वाकलेला, हातात स्वतःचं दाताळं, त्याच्या पायरीपासून इकडे सरकत येणारा.

"म्हटलं, तुझी माणसं यायच्या आत..." तो कुजबुजला.

"मीही तेच म्हटलं."

दोघं पुढे सरकत राहिली. कुणीच थांबलं नाही. वाटेच्या मध्यावर दोन्ही दाताळ्यांचे दात एकमेकांत अडकले, आणि ते सोडवता सोडवता डेल्मरला हसू आलं. मग तिलाही आवरेना. धुकं कधी विरलं ते कळलंच नाही. आता दोघं लख्ख उन्हात, सगळ्या गल्लीला दिसतील अशी उभी होती.

मागे दार उघडलं. आर्डिसने वळून पाहिलं नाही.

"पुसताय की रुंद करताय, ते एकदा ठरवा," व्हायोलाचा आवाज आला. मग कोरडेपणाने, "आणि डेल्मर, उद्या जेवायला येताना एक खुर्ची घेऊन ये. इथे कमी पडतेय."