हात हलला तरी

नागेंद्रने काउंटरच्या काचेवर तीन कॅमेरे मांडले, तशी रुक्माबाईने मांडीवरची पिशवी आणखी जवळ ओढली.

"ह्यातला नवा कुठला?"

"तिन्ही नवेच, आक्का."

"मग ह्याच्यावर बोटं कुणाची उठल्यात?"

नागेंद्रने तो कॅमेरा फडक्याने पुसला. खडेबाजारात वीस वर्षं दुकान चालवणाऱ्याला गिऱ्हाईक ओळखता येतं. घेणारी ही शेजारी बसलेली तरुण बाई, दिपाली. आणि ही तिची सासू, घेऊ न देणारी.

त्याचं फारसं चुकलं नव्हतं. रुक्माबाई हिंडलग्याहून बसने आली ती संशय सोबत घेऊनच. जुन्या लुगड्यांच्या वाकळी ती शिवायची आणि सून त्या फोनवरून पुण्या-बेंगळुरूला विकायची. गेल्या दोन महिन्यांत तीन वाकळी परत आल्या. 'फोटोत दिसते तशी नाही,' असं लोकांनी लिहिल्याचं दिपालीने वाचून दाखवलं. आणखी एक परत आली की ज्या ऑनलाइन कंपनीमार्फत त्या विकल्या जात, ती त्यांची विक्रीच बंद करणार होती. फोन खराब झालाय, दिपाली म्हणाली. त्यावर रुक्माबाईचा मुलगा साईराज लगेच म्हणाला, मग चांगला कॅमेराच घेऊ, डोंगरावर न्यायलाही होईल.

इथेच माशी शिंकली. दोन वर्षं त्याच फोनवर फोटो निघत होते, तेव्हा कुणी ब्र काढला नाही. आणि ही दोघं तर एका रविवाराआड राजहंसगडावर. वाकळीचं नुसतं निमित्त, असं रुक्माबाईने मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

"कशासाठी पाहिजे?" नागेंद्रने विचारलं.

"वाकळींचे फोटो काढायचेत," दिपाली म्हणाली. मग हळूच, "आणि कधी बाहेर फिराय गेलो तर..."

"बघा, आलं का न्हाय तोंडातनं!" रुक्माबाई म्हणाली.

नागेंद्रने मधला कॅमेरा पुढे सरकवला. "मग हा घ्या. लई महाग न्हाय, लई स्वस्त न्हाय. रंग जसाच्या तसा येतोय. डोंगर चढता चढता काढा, हात हलला तरी फोटो हलत न्हाय."

"हात हलला तरी?"

"हलू दे की. आतच तशी सोय आहे."

रुक्माबाईने त्याच्याकडे रोखून पाहिलं. असली थाप तिने बाजारात आजवर ऐकली नव्हती. तिने पिशवीतून नवी वाकळ काढली. निळी-तांबडी, परवाच पुरी झालेली.

"हिचा काढ. माझ्यासमोर."

"आत्ती, अख्खी कशाला पसरताय?" दिपाली घाईने म्हणाली. "रंगच बघायचा तर कोपरा पुरं."

"का? अख्खीला काय झालंय?"

वाकळ काचेवर पसरली. नागेंद्रने फोटो काढला आणि भिंतीवरच्या टीव्हीवर लावला. निळा निळाच होता, तांबडा तांबडाच. रुक्माबाईला बरं वाटलं, पण तिने ते दाखवलं नाही.

"आता जवळनं बघा," नागेंद्र म्हणाला आणि त्याने फोटो मोठा केला.

पांढऱ्या दोऱ्याचे टाके वीतभर झाले. एक लांब, एक आखूड. चार सरळ गेले की पाचवा ओळ सोडून खाली. एका जागी सुई तीनदा घुसून मागे आली होती. रुक्माबाईचा धावदोरा म्हणजे मुंग्यांची रांग, असं सगळी गल्ली म्हणायची.

"ह्यो खराब हाय," ती म्हणाली. "दुसरा दाखव."

दुसऱ्यातही तेच दिसलं. तिसरा सगळ्यांत महाग होता. त्यात जास्तच स्पष्ट दिसलं.

"तिन्ही खराब हाईत."

"कॅमेरा न्हाय आक्का, हा टाकाच जरा..."

"तुमच्या कॅमेऱ्याची काच पुसा आधी," दिपाली ताडकन म्हणाली. "घाण झालीया."

काच स्वच्छ होती. तरी नागेंद्रने ती पुसली. रुक्माबाई आता टीव्हीकडे बघत नव्हती, सुनेकडे बघत होती.

"लोकांनी टाक्यांचंच लिवलंवतं?"

दिपालीने वाकळीचा कोपरा सरळ केला.

"तुला ठावं व्हतं."

"व्हय."

"कवापास्नं?"

"संक्रांतीपास्नं."

"आणि फोनवर घातलंस?"

"फोनला काय वाटतंय, आत्ती," दिपाली म्हणाली. "त्याला कितीबी नावं ठेवली तरी."

रुक्माबाईला लाज वाटली. बसमध्ये ती या पोरीशी वाटभर एक शब्द बोलली नव्हती. उजवा हात तिने काचेवरून उचलला आणि वाकळीखाली घातला. तिथेही तो थांबेना. वरचं कापड बारीक हलत होतं.

नागेंद्रला यातलं काही कळलं नाही. त्याने तिन्ही कॅमेरे पुन्हा ओळीत मांडले.

"मग कुठला देऊ?"

रुक्माबाईने डाव्या हाताने मधला कॅमेरा उचलला. उलटा करून पाहिला, बॅटरीचं झाकण उघडून आत डोकावली, बंद केलं.

"हात हलला तरी सांभाळतंय म्हणालास, त्यो ह्योच न्हवं?"

"ह्योच, आक्का. खात्रीचा."

"मग हिला ह्यो दे. डोंगरावर न्हेऊ दे." तिने कॅमेरा दिपालीपुढे ठेवला. "आणि आतली ती सोय तेवढी सुटी मिळती काय रं? सुईला बसवाय?"

नागेंद्र मोठ्याने हसला. एकटाच.