पाळण्यावरची चौकट

पाळणाघराच्या कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर तिच्या थोरल्या दिरांनी लिहिलं होतं. ते फार जुनं झालं म्हणून ती आता नव्या व्हर्जनवर नेत होती. कॅमेऱ्याला चेहरा दिसला की पडद्यावर त्याच्याभोवती हिरवी चौकट उमटायची, एवढंच त्याचं काम.

दुपारी मुलं निजल्यावर तिने ते सुरू करून पाहिलं. प्रत्येक चेहऱ्याला चौकट आली. पण एक चौकट तिच्या मुलीच्या पाळण्यावर, नुसत्या हवेत होती. कुणीतरी वाकून बघत असावं तशी.

तिने मान वळवली. पाळण्याजवळ कुणीच नव्हतं. मुलं सांभाळणाऱ्या मावशी पार दुसऱ्या टोकाला दुपट्यांच्या घड्या घालत होत्या.

तिने दिरांना फोन लावला. "भावोजी, पाळण्यावरचा चेहरा वगळायचा, अशी एक ओळ तुम्ही कोडमध्ये का घातली होती?"

"ती काढलीस?"

"नव्या व्हर्जनला चालेना."

"कुणाच्या पाळण्यावर आहे?"

"आपल्या छकुलीच्या."

"तिला उचल," ते अगदी हळू म्हणाले. "आधी तिला उचल."

ती उठली, तेवढ्यात पडद्यावर मुलीच्या चेहऱ्यावरची चौकट सुटली. मुलगी पाळण्यात तशीच निजलेली होती आणि तिची चौकट त्या दुसऱ्या चौकटीला बिलगून दाराकडे निघाली होती.

तिने मुलीला हाक मारली.

पाळण्यात काहीच हललं नाही. दाराजवळची लहान चौकट मात्र थबकली.