उंबराखालचा ठिपका

थर एक : रस्ता

गोटीरामकाका आणि सावित्रीकाकू पेठहून पहिल्या एसटीने आले, त्यामुळे चहाच्या आधीच परिषदेत हजर होते. मयूरने दोघांच्या गळ्यात ओळखपत्रं अडकवली.

"ह्याच्यावर माझा फोटू नाय," काका म्हणाले.

"आज जमलं तर लावू. लागलं का पाणी?"

"सभेत सांगीन. तूच म्हनला होतास ना, आधी बोलायचं नाय?"

तशी प्रकल्प तपासणाऱ्या समितीची अटच होती. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून जमिनीखालचं पाणी ओळखणारी प्रणाली मयूरने चार वर्षं खपून तयार केली होती. नोव्हेंबरात तिने बोरीपाड्याच्या नकाशावर तीन लाल ठिपके दिले. तो कागद काकांच्या ओट्यावर ठेवून, शेवटची गाडी चुकू नये म्हणून चहा न घेताच मयूर निघाला होता. पुढे पाड्यावर त्याने फिरकायचं नव्हतं. पाड्याने खणायचं आणि मे महिन्यात इथे येऊन सांगायचं. एका जरी विहिरीत पाणी टिकलं तर आणखी चाळीस पाड्यांचं काम मयूरला. नाहीतर प्रकल्प बंद.

थर दोन : यंत्रं

टेबलावर नवाकोरा ड्रोन मांडला होता. सावित्रीकाकूंनी कनवटीची डबी काढली, बोट ओलं केलं आणि ड्रोनच्या कपाळावर कुंकू टेकवलं.

"आजी, तो कॅमेरा आहे!" टेबलामागची रोशनी ओरडली.

"नवा हे ना? मग."

"हिच्या तावडीतून काही सुटत नाय," काका म्हणाले. "मोबाइल घेतला तर त्याला पन लावलं. महिनाभर सगळे फोटू लाल."

रोशनीने हसत हसत ड्रोन पुसला. काकूंनी तिच्या हातावर पळसाच्या पानातली करवंदं ठेवली. भांडण मिटलं.

थर तीन : पाणी

सत्राचं नाव होतं 'भूमाहितीशास्त्र : उद्या काय?'. अर्धा तास 'उद्या'वरच बोलणं झालं. उद्या नकाशे आपोआप होतील, उद्या माणसाला विचारावं लागणार नाही. मग समितीच्या अध्यक्ष डॉ. मोहिनी गायधनी यांनी काकांना पुढे बोलावलं.

काकांनी माइकला नमस्कार केला.

"खणलं आम्ही. कागदावर व्हतं तिथंच खणलं. वीस वीस हात. पैल्यात खडक. दुसऱ्यात खडक. पुढं एकात चिखल लागला, तो बी मार्चात सुकला."

मयूरने डोळे मिटले. तीन झाले.

"पन उंबराखालच्यानं राखली लाज," काका म्हणाले. "काल सांजच्याला दोर टाकून बघितला. दोन पुरुष खोल पानी हे. आख्खा पाडा तिथलंच पितो. बाया दरीत उतरत नायत आता."

मग टाळ्या. मयूर मोजणंच विसरला.

"उंबराखाली पाणी असतं, असं जुनी माणसं म्हणतातच," मोहिनीताई म्हणाल्या.

"म्हनत्यात की. आमची ही वीस वर्सं म्हनत हे, उंबराखाली खणा. कोन ऐकतंय? पोरं म्हनायची, म्हातारीला पानी सपनात दिसतं. कागदावर आलं, तवा कुदळी निघाल्या."

सभागृह हसलं. सर्वांत मोठ्याने काकूच हसल्या.

समितीने तिथल्या तिथे निर्णय दिला. चाळीस पाडे.

थर चार

जेवणानंतर तिघं पायरीवर बसले. मयूरला कित्येक महिन्यांनी नीट भूक लागली होती. त्याने दोनदा मठ्ठा घेतला.

"चाळीस कागद निघतील म्हन की आता," काकू म्हणाल्या.

"हो ना, काकू."

"मग पाड्यांवर द्यायच्या आधी माझ्याकडं घेऊन ये. ह्या टायमाला चहा घेऊन जायचं. घाई नाय करायची."

"नक्की."

"आन त्या त्या पाड्यातली एक म्हातारी बी घेऊन ये संगतीला. गप्पा व्हतील."

काकांनी पिशवीतून नोव्हेंबरातला कागद काढला. प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला, घड्यांवर विरलेला. "हा ठेव तुझ्याकडं. आमचं काम झालं."

मयूरने तो मांडीवर पसरला. कौलं, ओहोळ, शेताचे बांध. पहिला ठिपका. दुसरा. तिसरा. आणि खाली, उंबराच्या गोल सावलीवर, चौथा.

त्याने पुन्हा मोजले.

काकू मान खाली घालून उरलेली करवंदं निवडत होत्या. पिकलेली इकडे, कच्ची तिकडे.

मयूरने पाण्याच्या बाटलीत बोट बुडवलं आणि पहिल्या ठिपक्यावर घासलं. काही झालं नाही. दुसऱ्यावर, तिसऱ्यावरही नाही.

चौथ्यावर घासलं, तेव्हा बोटाला कुंकू लागलं.